केचिकनचं अस्वल

केचिकनला जहाज लागतं सकाळी सातला.
पावणेसातला मी अस्वलात शिरतो.
गेल्या खेपेला लोम्बोकचा द्वी होता अस्वल,
परवा जूनोला कुणालातरी सॅमन मासा व्हायचंय.
आत वास येतो माझ्याआधीच्या तीन करारांतल्या
तीन माणसांच्या घामाचा,
आणि बघायला तोंडाची जाळी तेवढी.
बाहेर पाऊस. इथे तो वर्षभर असतो,
त्याचं कुणी कौतुक करत नाही.

माणसं शिडीवरून उतरतात, मी पंजे पसरतो,
कॅमेऱ्यामागून वेस्ना ओरडते, अस्वलाला मिठी मारा!
टिक. पुढचे.
टिक. पुढचे.
काही हसतात, काही अंग चोरून निसटतात,
काही नको नको म्हणतात
आणि तोवर फोटो निघालेला असतो.

संध्याकाळी सगळे भिंतीवर. पाचवा डेक.
माणसं स्वतःला हुडकत फिरतात,
स्वतःच्याच गालाला बोट लावून म्हणतात
ही मी नाहीच,
आणि परत खोचून ठेवतात.
चोवीस डॉलर नव्व्याण्णव सेंट.
रविवारी पहाटे जे उरतं ते यंत्रात जातं,
चेहऱ्यांच्या शेवया होतात, काळ्या पिशव्या भरतात.
द्वी फोटो आधी पालथे घालतो,
डोळे वर असले की हात अडखळतो म्हणतो.
मला काही होत नाही. मला झोप आलेली असते.

इलोइलोत माझे वडील मयताचे फोटो काढायचे.
शवपेटीभोवती नातलग उभे करायचे,
उंच मागे, पोरं पुढे,
आणि म्हणायचे, हनुवटी वर.
हसा म्हणायची त्यांना कधी गरज पडली नाही.

त्या रात्री स्पीकरवर डॉक्टरांना हाक आली,
आठवा मजला.
मग परत आली.
मग आलीच नाही, त्यावरून आम्ही समजलो.

दुसऱ्या दिवशी हिमनदीसमोर
सगळं जहाज उजव्या कठड्याला लोटलेलं,
तेव्हा ती गॅलरीत एकटी आली.
मिसेस थोर्सगार्ड, डुलुथच्या.
निळा रेनकोट, आत झोपेतलेच कपडे.
तांदूळ निवडावेत तशी भिंत निवडत गेली,
ओळीमागून ओळ.
फोटो काढूच द्यायचा नाही, ती म्हणाली,
लग्नातसुद्धा पाठमोरा आहे.

मग सापडला.
कान लाल, टोपी वाकडी, तोंड एवढं उघडं
की नसलेले दोन दात दिसताहेत.
आणि खांद्यावर केसाळ पंजा.

अस्वल काहीतरी बोललं त्याच्या कानात.
मी विचारलं तर सांगेना.
रात्री सांगतो म्हणाला.

अस्वलानं बोलायचं नसतं, हा नियम.
मी काउंटरमागे, काळं जाकीट,
छातीवर माझं नाव आणि माझा देश.
वेस्ना चार पावलांवर हिशेब लावत होती.

मी म्हणालो, मॅडम, ते अस्वल मी होतो.
मी म्हणालो, सर, मला फार जोराची लघवी लागलीय,
लवकर हसा.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली,
जणू केस कुठे गेले.
एवढंच?
एवढंच, मॅडम.

तिनं दोन प्रती घेतल्या.
मी किंमत खोडायला गेलो, तर वेस्नानं नुसतं पाहिलं,
आणि तिनं त्याआधीच कार्ड पुढे केलं होतं.
पावतीवर सही करताना सवयीनं
दोघांची नावं लिहिली, खोडली नाहीत.
दाराशी गेल्यावर तिच्या पाठीला हिसका बसला.
हसली की काय, मला मागून कळलं नाही.

रविवारी पहाटे गठ्ठ्यात
त्याच सकाळचा आणखी एक निघाला,
अर्ध्या सेकंदाआधीचा.
तो तोंड फिरवतोय,
आणि अस्वल त्याच्या कानाशी वाकलंय.

यंत्र सुरू होतं. द्वी जांभई देत पिशवी धरून उभा.
मी तो पालथा घातला
आणि आत सरकवला.